मुलांचे कॉलेज निवडताना कोणती सुरक्षितता पाहाल ?



बारावीचे आणि प्रवेश-परीक्षांचे निकाल हाती आले की आपल्या नौपाड्यात घरोघर एकच विषय निघतो. मुलगा कोठे जाणार ? मुलगी कोठे जाणार ? आईबापांच्या मनात मग एक तराजू उभा राहतो. त्याच्या एका पारड्यात मुलांना हवा असलेला अभ्यासक्रम असतो आणि दुसऱ्या पारड्यात ते कॉलेज सुरक्षित आहे किंवा नाही ही चिंता असते. ही चिंता रास्त आहे. ज्यांच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारी ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे, त्यांनी ती करू नये असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु या तराजूत एक खोट आहे आणि ती आपल्याच हाताने घातलेली आहे. ती उघड करून दाखवावी यासाठी हा लेखनप्रपंच.

परवा राम मारुती रोडच्या मागील बाजूस राहणाऱ्या एका कुटुंबात बसलो होतो. थोरला मुलगा पुण्यास वसतिगृहात राहून इंजिनियरिंग शिकतो. त्याला पाठविताना घरात अर्धा तासदेखील चर्चा झाली नव्हती. धाकट्या मुलीस सीईटीत भावाहून अधिक गुण पडले आहेत. तिला सिव्हिल इंजिनियर व्हावयाचे आहे. पूल कसे उभे राहतात हे तिला लहानपणापासून पाहावयाचे असते. तिच्या मनात माटुंग्याची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था आहे. १८८७ साली निघालेली ही संस्था आजही गुणवान मुलामुलींचे ध्येय आहे. परंतु वडिलांनी पर्यायांच्या कच्च्या यादीत पहिल्या क्रमांकावर घराजवळचे एक खाजगी कॉलेज लिहिले होते. तेथे सिव्हिलची शाखाच नाही ! मुलीने कॉम्प्युटर घ्यावा, एवढाच काय तो फरक, असे त्यांचे म्हणणे. का ? तर ते सुरक्षित आहे. सुरक्षित कशावरून ? "भाऊ, फाटकावर पहारेकरी आहे, जिन्याजिन्यावर कॅमेरे आहेत, आणि पोरगी वीस मिनिटांत घरी." आई म्हणाली, "लोकलची गर्दी तुम्हांला का माहीत नाही ?" मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिला कोणीही काहीही विचारले नाही.

वाचकहो, तुमच्याही घरी हेच चालले नाही ना ?

प्रथम लोकलचा मुद्दा घेऊ, कारण तो खोटा नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन भरगच्च गाड्या परस्परांजवळून जात असता दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींनी प्राण गमावले. दिवा, डोंबिवली, कल्याण येथील आईबापांस आपल्या मुलास सकाळच्या गाडीत ढकलताना काय वाटत असेल, हे मी येथे खुर्चीत बसून सांगू नये. त्यांची गोष्ट वेगळी आहे आणि त्यांना उपदेश करण्याची माझी इच्छाही नाही. परंतु नौपाड्याच्या माणसाने डोंबिवलीची भीती उसनी का आणावी ? ठाणे स्टेशन आपल्याला पायी अंतरावर आहे. ठाण्याहूनच सुटणाऱ्या धीम्या गाड्या आहेत, त्या माटुंग्यास थांबतात, आणि त्यांना स्त्रियांचे डबे आहेत. ज्या वाटेची भीती वाटते ती वाट एकदा, कॉलेजच्या वेळेस, मुलीबरोबर स्वतः चालून पाहावी. मग होकार द्यावा की नकार हे ठरवावे. न पाहिलेल्या वाटेवर बंदी घालणे यास काळजी म्हणता येत नाही.

आता पहारेकरी आणि कॅमेरे यांकडे वळू. मुंबईत चर्नी रोडजवळ मुलींचे सरकारी वसतिगृह आहे. समुद्रकिनारी, भर शहरात, फाटक, पहारा, नोंदवही, सर्व काही असलेले. जून २०२३ मध्ये तेथील चौथ्या मजल्यावरील खोलीत १८ वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा खून झाला. ज्याच्यावर संशय आला तो बाहेरून भिंत चढून आलेला कोणी गुंड नव्हता. तो त्याच वसतिगृहात काम करणारा माणूस होता, आणि लगेच त्याचाही मृतदेह रेल्वेच्या रुळांवर सापडला. सुटीचे दिवस असल्याने वसतिगृह बरेचसे रिकामे होते. ज्या बापाने "सरकारी आहे, पहारा आहे" एवढे ऐकून मुलीची ट्रंक तेथे नेऊन ठेवली असेल, त्याची चूक काय ? काहीच नाही. परंतु त्या घटनेनंतर आपण काय विचारावयास शिकलो ? सुटीत मजल्यावर किती मुली राहतात, रात्री स्त्री-अधीक्षक तेथेच निजते की घरी जाते, मुलीने तक्रार केली तर ती कोणाच्या हाती पडते, हे प्रश्न आजही किती पालक विचारतात ?

आणि आपणास, म्हणजे तुम्हांआम्हांस, याहून एक निराळा प्रश्न विचारावा लागतो. तो शेजारच्या घरातील पालकास विचारावा लागत नाही, म्हणून तो आपणही विसरतो. आत गेल्यावर माझ्या लेकराला माणूस म्हणून वागविले जाईल काय ?

डॉ. पायल तडवी हे नाव तुम्ही विसरला नसाल. जळगावची, तडवी भिल्ल या आदिवासी जमातीतील मुलगी. डॉक्टर झाली आणि स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईच्या टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजात आली. नायर रुग्णालयाचे हे कॉलेज नामांकित, महापालिकेचे, हवी ती शाखा असलेले. आईबापांच्या तराजूची दोन्ही पारडी येथे भरलेली होती. २२ मे २०१९ रोजी तिने वसतिगृहातील आपल्या खोलीत जीवन संपविले. वरिष्ठ डॉक्टर तिला जातीवरून टोचून बोलत, छळत, असा तिच्या कुटुंबाचा आरोप आहे. तिघींवर गुन्हा नोंदला गेला आणि प्रकरण न्यायालयात गेले. आपण आधीच तक्रार घेऊन गेलो होतो, असे तिची आई आबेदा तडवी यांचे म्हणणे आहे. म्हणजे आईला ठाऊक होते, ती बोलली होती, आणि ऐकणारे कोणी नव्हते. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. त्याची आई राधिका वेमुला आणि आबेदाबाई या दोन माता मिळून २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांची मागणी मोठी नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे जे नियम कागदावर आहेत ते पाळले जावेत, एवढीच ती होती.

ते नियम काय आहेत, हे तुम्हांस ठाऊक असले पाहिजे. प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत समान संधी कक्ष हवा आणि भेदभावाच्या तक्रारी घेणारा एक अधिकारी नेमलेला हवा. २०२६ च्या जानेवारीत आयोगाने नवे नियम काढले. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्यांस स्थगिती दिली आणि २०१२ चे नियम चालू ठेवावयास सांगितले. वाद वरिष्ठ न्यायासनापुढे चालेल तसा चालो. कॉलेजच्या कचेरीत जाऊन "भेदभावाची तक्रार घेणारे अधिकारी कोण ? त्यांची खोली कोठे आहे ?" असे विचारण्यास तुम्हांस कोणाची परवानगी लागत नाही. कारकून बावरून इकडे तिकडे पाहू लागला, तर उत्तर मिळाले असे समजा. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रावर २००९ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्याबरोबर पालकांचीही सही घेतात. आपण ती मुकाट्याने करतो. सही करताना मान वर करून, गेल्या तीन वर्षांत किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले, हे का विचारू नये ? "आमच्याकडे एकही तक्रार नाही" असे अभिमानाने सांगणाऱ्या कॉलेजाविषयी मी तरी साशंक राहीन. जेथे तक्रार करता येते तेथे ती होते.

कचेरीपेक्षा खरे उत्तर मिळते ते चहाच्या टपरीवर. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या आपल्या मुलांना गाठा. शिष्यवृत्तीचे अर्ज भरावयाच्या वेळी वर्गात काय होते, ते त्यांना विचारा. मी शिकलो त्या कॉलेजात, नाव सांगत नाही, एक गृहस्थ भर वर्गात "स्कॉलरशिपवाले उभे राहा" असे फर्मावीत. आम्ही सात जण उभे राहत असू. उरलेले साठ जण आमच्याकडे वळून पाहत. त्या दोन मिनिटांनी जे केले ते भरून येण्यास मला काही वर्षे लागली. त्या कॉलेजाच्या फाटकावर उत्तम पहारा होता.

या ठिकाणी बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेची आठवण होते. शाळेत त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्याच्या मुलास ते शिकविण्यास नकार मिळाला, म्हणून त्यांना पर्शियन घ्यावे लागले. पुढे त्यांनी स्वतःच्या बळावर संस्कृत हस्तगत केले, ही गोष्ट निराळी. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हाही प्राध्यापकांच्या पिण्याच्या पाण्यास त्यांनी हात लावू नये अशी हरकत निघालीच. कोणता विषय शिकावा हे विद्यार्थ्याच्या आवडीवर न ठरता त्याच्या जन्मावर ठरावे, हा त्या काळचा अन्याय होता. आज तुमच्या मुलीने सिव्हिल घेऊ नये असे कोणी शास्त्री सांगत नाही. ते कोण सांगतो ? तुम्ही सांगता. ती मुलगी आहे म्हणून सांगता. ज्या घराने जन्मावरून ठरणारी पायरी नाकारून धम्म स्वीकारला, त्या घरात भावाच्या विषयाची निवड त्याच्या गुणांवर आणि बहिणीच्या विषयाची निवड अंतरावर व्हावी, हे मला पटत नाही. तुम्हांस पटते काय ?

जवळचे कॉलेज वाईट, असे मात्र कोणी समजू नये. नावाच्या मागे धावून मुलांना दूर पाठविणारेही मी पाहिले आहेत आणि त्यांचेही मला कौतुक नाही. मुलीला वनस्पतिशास्त्रात वा रसायनात खरी गोडी असेल तर चेंदणीचे बांदोडकर कॉलेज तिला चालत जाण्याजोगे आहे. साहित्य, इतिहास वा वाणिज्य हवे असेल तर त्याच खाडीकाठच्या आवारात जोशी-बेडेकर आहे. तेथे आनंदाने घाला. प्रश्न हा आहे की तिला काय हवे हे आधी विचारले गेले काय. विषय आधी, कॉलेज नंतर, वाट त्यानंतर. विषय निवडताना शेजाऱ्याच्या मुलाचा पगार पाहू नका. पहिल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष काय शिकवितात, प्रयोगशाळा आहे की तिला कुलूप आहे, आणि गतवर्षी जी मुले बाहेर पडली ती आज काय करीत आहेत, हे पाहा. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा पोटासाठी नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेविले. विद्यार्थ्याला कॉलेजच्या मापाचा न करता कॉलेज विद्यार्थ्याच्या मापाचे केले. निवड करताना हेच माप हाती घ्यावे.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या. राज्याचा दाखला असला तरी केंद्राच्या संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा काढावा लागतो. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा. या एका कागदापायी हातची जागा गेलेली मुले आपल्याच वस्तीत आहेत.

आणि एक गोष्ट तातडीची. इंजिनियरिंगच्या पर्यायांचा क्रम लावणे हे काम हलके समजू नका. २०२५ च्या प्रवेशांपासून नियम असा झाला की पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. पुढील फेऱ्यांचे दार त्या विद्यार्थ्यास बंद होते. म्हणजे भीतीने वर लिहिलेले नाव हेच चार वर्षांचे भवितव्य होऊ शकते. नंतर "बदलून घेऊ" म्हणण्याची सोय राहत नाही.

हे सर्व मी त्या राम मारुती रोडच्या घरी सांगितले. वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मुलीस आत बोलावले, तिच्या हाती पेन्सिल दिली आणि म्हणाले, "तू लाव क्रम. मी बघतो." तिने माटुंगा वर घेतला, घराजवळचे कॉलेज पार खाली, नवव्या ओळीत नेले. आईचे समाधान अजून झालेले नाही आणि ते एका संध्याकाळी व्हावे अशी अपेक्षाही नाही. अर्जाची मुदत शनिवारपर्यंत आहे. सोमवारी सकाळच्या धीम्या गाडीने ती मायलेकी माटुंग्यास जाऊन येणार आहेत. वर्ग, वसतिगृह, स्टेशनपासूनचा रस्ता, सारे पाहणार आहेत, आणि त्या अधिकाऱ्याच्या खोलीचा दरवाजा कोठे आहे हे मुलगी स्वतः विचारणार आहे. वडिलांनी रजा टाकली आहे. आपणही बरोबर जाणार की घरीच राहणार, हे मात्र त्यांचे अद्याप ठरलेले नाही.