कंबर नव्हे, खुबा!

रविवारी भल्या पहाटे खडकवासला धरणाच्या कडेने सिंहगडाकडे निघालेली पुणेकरांची रांग पाहावी! चढताना सारेच शूर असतात. उतरताना मात्र आतकरवाडीच्या वाटेवर एखाद्याचे अंग वळते, पाऊल तेथेच रुतून राहते आणि दोन दिवसांनी ते गृहस्थ घरात सांगू लागतात, "कंबर धरली आहे."

आपल्या बोलीत बरगडीपासून मांडीपर्यंत सगळीच कंबर. डॉक्टरांची निम्मी पंचाईत येथेच होते. "नेमके कोठे?" म्हणून विचारावे, तर रोगी अंगठा मागे नि बोटे पुढे अशी पंजाची कमान खुब्यावर धरतो आणि कळ आत, जांघेत आहे म्हणतो. पुष्कळदा ही खूण खुब्याच्या सांध्याची असते. हा उखळीचा सांधा. उखळीच्या काठाला कूर्चेची एक कडी असते. मांडीच्या हाडाचा गोळा ती नीट धरून ठेवते. ती फाटली की पाय वळवताना 'कट्' असा आवाज होतो, कधी सांधा अडकतो, रिक्षातून उतरताना कळ येते.

या कडीला रक्तपुरवठा बेताचाच, त्यामुळे फाट आपोआप सांधण्याची आशा थोडी. पण अहवालात 'फाट' वाचून खाट धरणारे प्राध्यापक आमच्याच शिक्षककक्षात आहेत, त्यांच्यासाठी सांगतो : 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, खुब्याची कसलीही तक्रार नसलेल्या 45 जणांचे एमआरआय काढले, तेव्हा 69 टक्के लोकांची कडी फाटलेली निघाली! फाट असूनही माणूस सुखाने हिंडू शकतो. निजून राहिल्याने मात्र स्नायू वाळतात आणि सांध्यावरचा ताण वाढतो.

म्हणून फिजिओथेरपी. आरंभी उकिडवे बसणे, मांडी घालणे, एका पायावर गर्रकन् वळणे बंद. यंदा चकल्या टेबलाशी बसून पाडाव्यात. काटा तितकाच येतो. मग तज्ज्ञाच्या देखरेखीखाली उताणे निजून, गुडघे दुमडून बैठक उचलणे, कुशीवर निजून वरचा पाय उचलणे, पुढे एका पायावर तोल सांभाळणे. नितंबांचे व पोटाचे स्नायू बळावले की गोळा उखळीत नीट फिरतो. सहा ते बारा आठवडे धीर धरावा. तरीही गुण नाही, तर शल्यचिकित्सकाचा सल्ला घ्यावा. पडल्यावर पायावर भारच देता येत नसेल किंवा कळेबरोबर ताप असेल, तर मात्र व्यायाम न करता तडक रुग्णालय गाठावे.

सिंहगड सर्वांत शेवटी. आधी सपाटी, मग जिना, मग पर्वतीच्या पायऱ्या. त्या न दुखता उतरता आल्या की आतकरवाडीची वाट धरावी, आणि पहिल्या खेपेस खाली येताना मुकाट्याने जीपमध्ये बसावे.