नकार यंत्राला, की लादण्याला?

गारखेड्यात सूतगिरणी चौकातून पुंडलिकनगरकडे निघाले, तर दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब आणि एक्स-रे सेंटरच्या पाट्या मोजून संपत नाहीत. या पाट्यांमागे तंत्रज्ञ, परिचारिका, काउंटरवरचे कर्मचारी असतात. त्यांच्या कामात आता कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे ‘एआय’ येऊ लागली आहे. ती निरुपयोगी नाही. १५ वर्षांवरील व्यक्तींच्या छातीचा एक्स-रे वाचून क्षयरोगाचा संशय सांगण्याचे काम तज्ज्ञाऐवजी सॉफ्टवेअरकडून करून घेता येईल, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच सांगितले. तरीही असे काही आले की कर्मचारी नाक मुरडतात, आणि व्यवस्थापन ठरलेले औषध काढते: एक दिवसाचे प्रशिक्षण, एक व्याख्यान, चहा-समोसा. गुण येत नाही, कारण निदानच चुकलेले असते.

‘लोकांना बदल नको असतो’ हे ते निदान. महाराष्ट्राने याचा एक धडा अंगणवाडी सेविकांकडून घ्यायला हवा होता. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. वरवर पाहता हा तंत्रज्ञानाला विरोध. प्रत्यक्षात तक्रारी अगदी साध्या होत्या: फोन तापतो, अडकतो, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडतो, आणि ‘पोषण ट्रॅकर’ ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागते. मराठी शाळेत शिकलेल्या बाईने गावातल्या बाळांची नावे इंग्रजीत का लिहायची, याचे उत्तर कोणत्याही प्रशिक्षणात नव्हते. पुढे याच ॲपमध्ये चेहरा ओळखण्याची सोय आली आणि जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी ती सक्तीची झाली. नेटवर्क नाही, चेहरा जुळत नाही, अशा तक्रारी पुन्हा सुरू झाल्या. चेहरा जुळला नाही म्हणून आहार अडला, तर त्या घरच्या आईचा राग सर्व्हरवर निघत नाही. तो सेविकेलाच झेलावा लागतो.

थायलंडमध्येही वेगळे घडले नाही. मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांचे फोटो तपासणारी गुगलची प्रणाली तेथील ११ दवाखान्यांत वापरून पाहिली गेली. प्रयोगशाळेत ती उत्तम चालली होती. दवाखान्यात काढलेल्या १,८३८ फोटोंपैकी सुमारे २१ टक्के फोटो तिने ‘दर्जा चांगला नाही’ म्हणून नाकारले. परिचारिका वैतागल्या, कारण रुग्णाला दुसऱ्या दिवशी दूरच्या रुग्णालयात जा म्हणून सांगायचे काम त्यांच्याकडे आले. या वैतागाला ‘विरोध’ म्हणणे सोयीचे असते. खरे तर तो यंत्राच्या दोषाचा फुकट मिळालेला अहवाल होता.

खरी नावडही असते, हे मान्य केले पाहिजे. यंत्राची एक चूक डोळ्यांनी पाहिली की माणूस त्याच्यावरचा विश्वास पटकन काढून घेतो. तीच चूक सहकाऱ्याने केली तर सोडून देतो. अमेरिकेतील डिटफोर्स्ट, सिमन्स आणि मॅसी या संशोधकांनी २०१५ मध्ये हे दाखवले. त्यांचे पुढचे काम जास्त उपयोगाचे आहे. यंत्राच्या अंदाजात थोडासा फेरफार करण्याची मुभा दिली, तर लोक ते यंत्र वापरायला कितीतरी अधिक राजी होतात, असे त्यात दिसले. मुभा किती, याने फार फरक पडला नाही. ती असणे पुरेसे होते.

ही मुभा कर्मचाऱ्याचे मन राखण्यापुरती नाही, रुग्णालाही तिची गरज आहे. जर्मनीतील एका प्रयोगात २७ रेडिओलॉजिस्टना स्तनाचे एक्स-रे वाचायला दिले आणि मुद्दाम काही ठिकाणी एआयचा चुकीचा सल्ला समोर ठेवला. नवख्यांची अचूकता सुमारे ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आसपास घसरली. अनुभवींचीही ८२ वरून ४५ वर आली. म्हणजे ज्याला व्यवस्थापन ‘आदर्श कर्मचारी’ म्हणते, तो निमूट मान डोलावणाराच इथे सर्वांत धोक्याचा.

तेव्हा सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी, विक्रेत्याच्या सादरीकरणाला मालकाबरोबर लॅबमधला तंत्रज्ञही बसलेला असावा. ‘यंत्राशी असहमत’ असे लिहायला रजिस्टरमध्ये रकाना हवा आणि तो भरणाऱ्याला जाब विचारला जाऊ नये. अहवाल चुकला तर जबाबदारी कोणाची, हे आधी ठरावे. नोकरी जाणार का, या प्रश्नाला ‘घाबरू नका’ हे उत्तर चालणार नाही. कोणाचे काम कसे बदलेल, हे कागदावर द्यावे लागेल. आणि पहिले काही महिने तरी स्लाइड पाहणाऱ्याने आपले मत आधी लिहावे, यंत्राचे मत नंतर उघडावे. यात वेळ जातो. तो कामाच्या तासांत धरावा लागेल. ड्युटी संपल्यावर थांबवून नव्हे.