आडनावांची गंमत : कोटणीसांचा ‘णीस’ कुठे गेला?



मागच्या आठवड्यात हजेरी घेताना ‘लोहार’ हे आडनाव आलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “भाता आणलास का रे?” वर्ग हसला. पोरगा मात्र खाली मान घालून बसला. मधल्या सुट्टीत माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, आडनाव बदलता येतं का हो?”

मी त्याला विचारलं, इंग्लंडात सगळ्यात जास्त लोकांचं आडनाव कोणतं, माहीत आहे? स्मिथ! आणि स्मिथ म्हणजे कोण? लोहारच की! तिकडचा क्लार्क म्हणजे आपला कारकून. त्याचे डोळे चमकले.

आता आपल्या सोलापूरचं एक आडनाव घ्या. कोटणीस. कोट म्हणजे किल्ला. आपला भुईकोट तुम्ही पाहिलाच असेल, हुतात्मा बागेशेजारचा. आणि ‘णीस’? फारसीत लिहिणाऱ्याला ‘नवीस’ म्हणतात. तेच झिजून आपल्याकडे ‘नीस’, ‘णीस’ झालं. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फर्द म्हणजे हिशेबाचा कागद लिहिणारा फडणीस, खजिन्याचा हिशेब लिहिणारा पोतनीस. तसा किल्ल्याचं दप्तर लिहिणारा तो कोटणीस.

पण १९१० साली सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस दप्तर लिहायला बसले नाहीत. ते डॉक्टर झाले. जपानने चीनवर हल्ला केला होता. १९३८ साली चिनी जखमींच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यांत ते होते. चिनी माणसांना ‘कोटणीस’ म्हणता येईना. त्यांच्या उच्चारात त्याचं झालं ‘के-दि-नी-स’.

तिथे गंमत झाली. पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाला ‘हुआ’ जोडलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांच्या नावातला ‘नीस’ गेला, त्या जागी ‘हुआ’ आलं आणि ते के दिहुआ झाले. तिथल्याच गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं.

९ डिसेंबर १९४२ ला ते चीनमध्येच वारले. वय अवघं बत्तीस! त्यांचं बाळ तेव्हा काही महिन्यांचं होतं. त्याचं नाव ठेवलं होतं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत.

भैय्या चौकातलं त्यांचं घर आता स्मारक आहे. रविवारी आईबाबांना घेऊन जा. आणि हो, आपलं आडनाव कुठून आलं ते आजी-आजोबांना विचारून मला कळवा. त्या लोहाराच्या पोराने तर वहीची दोन पानं भरून आणलीसुद्धा!

— तुमचे गुरुजी