कळांवर उपाय काय, हे सातव्या महिन्यातच विचारा

डोहाळजेवणाला हॉल कुठला, फोटोग्राफर कोण, सगळं आधी ठरतं. कळा सुरू झाल्यावर त्या कमी करायला दवाखान्यात काय सोय आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. घरात गरोदर लेक-सून असेल त्या प्रत्येकाला विनंती, की हे आधी विचारा. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर तिथल्या डॉक्टरांना विचारा. तपासणी एकीकडे, बाळंतपण दुसरीकडे, यात हा प्रश्न हमखास राहून जातो.

कळा सर्वांत जास्त शमतात त्या एपिड्युरलने. कण्यापाशी बारीक नळी बसवून औषध सोडतात. बाई जागी असते. त्यासाठी भूलतज्ज्ञ हवा, रक्तदाबावर लक्ष हवं, आणि बाळ ढकलण्याचा टप्पा लांबू शकतो. पण ‘पाठीत सुई घेतली की सिझेरियनच होतं’, ‘जन्मभर कंबर दुखते’ या समजुती अभ्यासांत टिकलेल्या नाहीत. पेथिडिनचं इंजेक्शन सोपं, पण आराम कमी. गुंगी, मळमळ होते, आणि जन्माच्या जरा आधी दिलं तर बाळाचा श्वास मंदावू शकतो. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजनचा निम्मा-निम्मा वायू बाई स्वतः मास्क धरून घेते. मास्क काढला की काही मिनिटांत असर जातो.

मग बाळंतीण समाधानी कशाने होते? कॅनडातल्या एलन हॉडनेट यांनी २००२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. तिच्या अपेक्षा, मिळालेला आधार, डॉक्टर-नर्सची वागणूक आणि निर्णयात तिला विचारलं गेलं की नाही, या गोष्टी वेदनेपेक्षाही भारी ठरल्या. म्हणून कळा सोसाव्यात, असा अर्थ कृपया काढू नका. ‘आम्ही नाही का सोसल्या?’ हे वाक्य आया-सासवांनी घरीच ठेवून यावं.

प्रसूतिगृहांना विनंती: कोणती सोय आहे, रात्री भूलतज्ज्ञ मिळतो का, खर्च किती, हे दर्शनी फलकावर लिहा. सोबतीणीला आत येऊ द्या. सरकारी रुग्णालयांत केंद्राने २०१६ मध्येच तशी मुभा दिली आहे. पाठ चोळायला, धीर द्यायला ती उपयोगी पडते. आणि आधी ‘नको’ म्हणालेल्या बाईने ऐन कळांत ‘हवं’ म्हटलं, तर नवऱ्याला शोधत बसू नका, तिचीच संमती घ्या.

— गावातल्या काही आया आणि निवृत्त परिचारिका