गोडवा की आधार?

बिली लेट्स यांची 'व्हेअर द हार्ट इज' ही कादंबरी १९९५ची. १९९८मध्ये ऑप्रा विन्फ्रे यांनी ती आपल्या बुक क्लबसाठी निवडली आणि ती घराघरांत पोचली. १७ वर्षांच्या गरोदर नोव्हालीला प्रियकर ओक्लाहोमातल्या वॉलमार्टपाशी सोडून जातो. त्याच दुकानात ती बाळंत होते आणि अनोळखी गाव तिला सांभाळतं. कुणाला हे वाचून भरून येतं, तर कुणाला ते भाबडं वाटतं. खुद्द वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन नोव्हालीला नोकरी देतात, हा योगायोग मलाही पटत नाही.

पण म्हणून अख्खी कादंबरी गोडमिट्ट ठरवणं अन्यायाचं आहे. यात तान्ह्या मुलीचं अपहरण होतं, मैत्रिणीच्या मुलांवर अत्याचार होतो, आसरा देणारी सिस्टर हजबंड चक्रीवादळात जाते. मदत करणारेही सुखवस्तू नाहीत: सिस्टर दारूच्या व्यसनातून सावरलेली, ग्रंथपाल फोर्नी व्यसनी बहिणीला सांभाळणारा. इथली माया घर, पुस्तकं, कॅमेऱ्याचं शिक्षण अशा ठोस रूपात येते, आणि नोव्हाली त्यावर स्वतः उभी राहते. एकट्या आईला दयेपेक्षा अशाच आधाराची गरज असते. ते दाखवणारी ही कादंबरी भाबडी नाही.