आजार दुर्मिळ नाही, निदान दुर्मिळ ठेवले आहे

'दुर्मिळ आजार' हा शब्द सरकारी फायलीला फार मानवतो. दुर्मिळ म्हटले की तरतूद नको, औषधसाठा नको, प्रशिक्षण नको आणि जबाबदारी तर नकोच. बाळ गेले? दुर्मिळ आजार होता, कोण काय करणार! माझे म्हणणे याच्या उलट आहे. संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोन्सचे काही आजार आपल्याकडे दुर्मिळ दिसतात, कारण ते ओळखणारी यंत्रणा गरिबाच्या बाळापर्यंत पोहोचूच दिलेली नाही.

एकाच आजाराचे उदाहरण घेऊ. कंजेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेझिया, थोडक्यात सीएएच. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ॲड्रिनल ग्रंथी असते. ती कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके तयार करते. पहिले शरीराला ताण सोसायला मदत करते, दुसरे रक्तातले मीठ टिकवते. सीएएचमध्ये ही संप्रेरके बनवणारे एक एन्झाइम जन्मतःच अपुरे असते. आजाराच्या तीव्र प्रकारात बाळाच्या शरीरातले मीठ लघवीवाटे वाहून जाते. पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात बाळ उलट्या करते, दूध ओढत नाही, वजन घटते, मलूल पडते आणि उपचार न मिळाल्यास दगावते.

यावर कोट्यवधींचे इंजेक्शन लागत नाही. हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन या जुन्या गोळ्या आणि तान्हेपणी वरून थोडे मीठ, एवढ्यावर मूल जगते, शाळेत जाते, मोठे होते. निदान टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर होऊ शकते. अमेरिकेतल्या सर्व राज्यांत प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी होते.

आता 'दुर्मिळ' म्हणजे किती ते पाहू. आयसीएमआरने दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता या पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बाळे तपासली. सीएएचचे प्रमाण निघाले ५,७६२ बाळांमागे एक. जन्मजात थायरॉईड कमतरतेचे निघाले १,१३० बाळांमागे एक. शहरागणिक आकडा बदलतो, हे मान्य. तरी देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात. याच प्रमाणाने हिशेब केला तर सीएएचची साडेतीन हजार आणि थायरॉईडची सतरा-अठरा हजार बाळे दरवर्षी जन्माला येतात. ही सगळी बाळे कुठे आहेत? कोणत्या नोंदवहीत आहेत?

उत्तर कडू आहे. सीएएचची बरीच बाळे दुसऱ्याच नावाने मरतात. मृत्यूच्या कागदावर 'जुलाब-उलट्या' किंवा 'जंतुसंसर्ग' लिहिले जाते. मुलीच्या बाबतीत निदान जननेंद्रियाची ठेवण वेगळी दिसल्याने शंका तरी येते. मुलगा मात्र बाहेरून अगदी ठणठणीत दिसतो आणि न ओळखताच जातो. स्तनाग्रे आणि जननेंद्रियाची त्वचा गडद होणे ही एक खूण आहे, पण आपल्या सावळ्या बाळात ती कोण बघतो? निदान नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून आजार दुर्मिळ, दुर्मिळ म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून पुन्हा निदान नाही. हे चक्र माणसांनी फिरवलेले आहे.

मी ज्या वस्त्यांत काम करते तिथल्या एका घरात दोन मुलगे एकामागून एक, दोघेही वीस-बावीस दिवसांचे होऊन गेले. त्या बाईला सासरी काय काय ऐकावे लागले? 'पांढऱ्या पायाची', 'मागच्या जन्मीचे पाप', 'कुणाची तरी नजर'. दोन वेळा दवाखाना झाला, एकदाही कुणी रक्तातले सोडियम-पोटॅशियम तपासले नाही. एकाच घरात एकाच वयात दोन बाळे जातात, तेव्हा कारण शोधायला हवे, एवढेही कुणाच्या मनात आले नाही. दुःखाला कारण असते आणि ते शोधता येते, ही तथागतांची शिकवण आहे. इथे कारण पत्रिकेत नव्हते, जनुकात होते. आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे बापाचा वाटा आईइतकाच. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याच्या प्रथेने ही शक्यता वाढते, तीही प्रथा त्या बाईने सुरू केलेली नाही. मग शिव्या एकटीलाच का?

आता नेहमीचा आक्षेप येईल : 'कुपोषण, क्षयरोग असताना मूठभर बाळांसाठी पैसा कुठून आणायचा?' हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या घरातल्या बाळाची तपासणी खासगी रुग्णालयात पैसे भरून झालेली असते, हे आधी लक्षात घ्या. दुसरे, बाळ शोधत हिंडायचे नाही. एनएफएचएस-५ नुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती दवाखान्यात होतात. बाळ व्यवस्थेच्या हातात असते, बीसीजीची सुईही टोचली जाते. गोव्याने २००८ मध्ये नवजात तपासणीचा सरकारी कार्यक्रम सुरू केला होता, केरळने सरकारी रुग्णालयांत ती आणली. मग आपल्याला काय अडचण आहे?

कमी दिवसांच्या बाळात सीएएचची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, हे खरे. त्यावर उपाय दुसरी चाचणी आणि पाठपुरावा हा आहे. चाचणीच न करणे हा उपाय कसा होईल?

आणि आशाताई? दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचे असते. सीएएच जीव घेतो तो नेमका याच दिवसांत. तिच्याकडे वजनकाटा आहे. 'उलट्या, घटते वजन, मलूलपणा आणि आधी असेच गेलेले भावंड' ही खूणगाठ तिला कुणी शिकवली का? शिकवणे दूरच, तिचा मोबदलाही वेळेवर मिळत नाही.

कागदावर मात्र सगळे आहे. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात थायरॉईड कमतरता आहे, पण 'ऐच्छिक' म्हणून. २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात संप्रेरकांवर सांभाळता येणाऱ्या कमी खर्चाच्या आजारांसाठी राज्यांनी मदतीचा 'विचार करावा' असे म्हटले. फ्लुड्रोकॉर्टिसोन २०२२ मध्ये राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आले. ऐच्छिक, विचार, यादी! यादीत नाव असणे आणि तालुक्याच्या खिडकीवर गोळी मिळणे यात जे अंतर आहे, तेच या देशातले सामाजिक अंतर आहे. संविधानाचा अनुच्छेद २१ जगण्याचा हक्क देतो, अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानतो. त्यात 'ऐच्छिक' हा शब्द कुठे आहे?

निदान झाले की लढाई संपत नाही. ही गोळी आयुष्यभराची आहे. 'स्टेरॉईड वाईट' असे कुणी सांगितले आणि ती अचानक बंद केली, तर जीव जाऊ शकतो. ताप आला तर डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो, उलट्या होत असतील तर इंजेक्शन लागते. हे आईबापाला मराठीत लिहून कोण देणार? आणि मुलीच्या जननेंद्रियाची ठेवण वेगळी आहे म्हणून लाजेपोटी घाईने शस्त्रक्रिया करू नका. तामिळनाडूने २०१९ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, जीवाला धोका नसताना बालकांवर अशा शस्त्रक्रिया करण्यास बंदी घातली. महाराष्ट्र कधी घालणार?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सरकारी दवाखान्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची थायरॉईड आणि सीएएच तपासणी मोफत आणि सक्तीची करा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात सोडियम-पोटॅशियमची चाचणी आणि हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन ठेवा. दोन्ही गोळ्या जिल्हा रुग्णालयातून दरमहा मोफत द्या. आशाताईंना प्रशिक्षण द्या आणि त्याचा मोबदला द्या. पहिल्या महिन्यात गेलेल्या प्रत्येक बाळाच्या मृत्यूचे खरे कारण शोधा.

कार्यकर्त्यांनो, पुढच्या ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा विषय लेखी द्या, पोच घ्या. आपल्या वस्तीत एकाच घरातली दोन तान्ही बाळे गेली असतील, तर त्या आईचे सांत्वन करून थांबू नका. तिला आणि तिच्या नवऱ्याला पुढच्या बाळंतपणाआधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात घेऊन जा. नशिबाच्या नावावर खपवलेल्या मृत्यूंचा हिशेब मागणे हेही आपल्या चळवळीचेच काम आहे.

जय भीम!