भेंडीचा द्वेष

भेंडी नावडली की लोक हल्ली सरळ ‘आय हेट भेंडी’ म्हणतात. माझा याला सक्त विरोध आहे. अहो, इंग्रजीतही नावडीला पायऱ्या आहेत! ‘डिसलाइक’ तळमजल्यावर, ‘हेट’ पार गच्चीवर. ‘डिटेस्ट’ म्हणजे मूळ लॅटिनमध्ये देवाला साक्षी ठेवून शाप देणे. भेंडीपायी देवाला कशाला उठवता? ‘डिस्गस्ट’ इंग्रजांनी 16व्या शतकात फ्रेंचांकडून उचलला. फ्रेंच लोक चवीला ‘गू’ म्हणतात. हसू नका, उच्चारच तसा आहे! किळस आली की ‘देगू’. उलट द्वेष करण्याला त्यांचा शब्द ‘आईर’. तो ‘हेट’चाच चुलतभाऊ, जर्मन कुळातल्या फ्रँक लोकांकडून घेतलेला. थोडक्यात, उधारी दोन्हीकडून!

आपल्याकडे तर नावड, वीट, तिटकारा, शिसारी अशी चढती भाजणी तयार आहे. ती वापरा की! खात्यात शिल्लक नसली की चेक परत येतो, हे आम्हा बँकवाल्यांना पक्कं ठाऊक. सगळा ‘हेट’ भेंडीवरच उधळलात, तर उद्या हुंड्याची यादी वाचणाऱ्या व्याह्यापुढे काय वटवणार? तिथे मात्र आवाज खाली: “आम्हाला हे तितकंसं पसंत नाही हं!”